गाव किंवा पाडा

फाटकाच्या दोन गजांमध्ये हाताचा पंजा आडवा जाईल एवढी जागा होती. त्या जागेतून डॉक्टर पोरीने खांद्यापर्यंत हात आत घातला होता आणि ती मला सांगत होती, "आजी, डोकं धरा. ओढू नका. नुसतं धरा."

मी धरलं. माझी सून जमिनीवर झोळीतच होती. झोळी म्हणजे बांबूला बांधलेली गोधडी. आमच्या पाड्यातून चौघांनी ती खांद्यावर इथवर आणली होती. फाटकाच्या पलीकडे दहा पावलांवर डांबरी सडक होती, सडकेवर अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती, आणि मध्ये कुलूप होतं. फाटक पुरुषभर उंच, वर लोखंडी भाले, दोन्ही बाजूंना काटेरी तार. गाडीचा ड्रायव्हर वरून उडी मारून आत आला. त्याचा तळहात फाटला. तो आणि माझा मुलगा दगडाने कुलूप ठोकत होते. कुलूप भारी होतं, ते हललं नाही.

बाळ आलं. नाळेचे गळ्याभोवती दोन वेढे होते. डॉक्टरने सांगितलं तसे मी ते सोडवले, तिने गजांतून दिलेल्या चिमट्यांनी नाळ बांधली, कापली. मग बाळ गजांतून तिच्या हातात दिलं. बाळ पलीकडे गेलं, बाळाची आई जाईना. डॉक्टरने गाडीच्या पायरीवर बाळाला ठेवून बोटांनी त्याची छाती दाबली, नळी लावली, पुन्हा दाबली. बराच वेळ केलं तिने. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

मुलगी होती. रडली नाही.

तेवढ्यात पाड्यातून पहार आली. फाटक बिजागऱ्यांतून उचकटून आडवं केलं आणि सुनेला गाडीत घातलं. डहाणूच्या दवाखान्यात तिला रक्त चढवावं लागलं. मी फाटकापाशीच राहिले, कारण गाडीत एकाच माणसाला जागा होती आणि तिथे तिचा नवरा गेला. थोड्या वेळाने चिकूवाडीचा रखवालदार बाजाराची पिशवी घेऊन आला. चावी त्याच्या कमरेला होती. आडवं पडलेलं फाटक बघून म्हणाला, "आजी, हे कोणी पाडलं?"

मी म्हणाले, "पाड्याने पाडलं."

तो वाईट माणूस नव्हता. माझ्या पुढ्यात गोधडीत गुंडाळलेलं बाळ बघितल्यावर तो खाली बसला आणि कितीतरी वेळ उठला नाही.

ती वाट आमची. मी लग्न होऊन आले तेव्हाही आम्ही चिकूवाडीतूनच सडकेवर जायचो. कैनाडला जायचं असो की डहाणूला, वाट तीच. वाडीच्या शेठने दोन वर्षांपूर्वी फाटक बसवलं. चिकू चोरीला जातात म्हणाला. जात असतील. रखवालदार हाक मारली की उघडायचा, म्हणून आम्हीही भांडलो नाही. ती आमची चूक. भांडायचं तेव्हा भांडावं.

फाटक मोडलं म्हणून शेठने तक्रार केली. तालुक्याच्या कचेरीत आम्हाला बोलावलं. साहेब तरुण होता, नीट बोलला. पुस्तक उघडून म्हणाला, "आजी, गावाची वहिवाटीची वाट कोणालाही अडवता येत नाही. कायदा आहे तसा."

"मग शेठला सांगा."

"पण तुमचा पाडा गाव नाही. गाव पलीकडे आहे, दीड कोसावर. त्याला रस्ता आहे. कायद्यात गाव लिहिलंय. पाडा हा शब्दच नाही."

मी विचारलं, "मग आम्ही राहतो कुठे?"

तो हसला नाही. म्हणाला, "ते कायद्याला माहीत नाही."

आमच्याकडे गाव म्हणजे दहा-बारा पाडे. एक इथे, एक ओहळापलीकडे, एक टेकडीमागे. गाव असं कोणी राहतच नाही, सगळे पाड्यातच राहतात. हे डहाणू-तलासरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मुंबईला ठाऊक नव्हतं.

आमची आमदार बाई तलासरीकडची. ती आश्रमशाळेत शिकत होती तेव्हा मी तिथे स्वयंपाकाला होते. तिच्या ताटात मी भाकरी वाढलीय आणि भात सांडला म्हणून तिच्या पाठीत धपाटाही घातलाय. त्यामुळे तिच्या दाराशी बाकीचे लोक हात जोडून बसतात तसं मला बसता येत नाही. मी गेले तेव्हा ओटीवर वरोरच्या कोळणी बसल्या होत्या, धाकट्या डहाणूचे दोघे खाडीत साचलेल्या गाळाचं सांगत होते. मी सरळ आत गेले.

"मावशी, रांग आहे," ती म्हणाली.

"माझी नात रांगेत थांबली नाही," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं.

तिने चहा करायला सांगितला, तो थंड झाला. मग तिने कचेरीतल्या साहेबाला फोन लावला, त्याच्याकडून कलम वाचून घेतलं, कागदावर लिहिलं आणि मला दाखवलं. लांबलचक वाक्य होतं. त्यात एका जागी तिने लाल पेनाने काकपद काढलं आणि वर दोन शब्द लिहिले. किंवा पाडा.

"एवढंच लागेल," ती म्हणाली. "गाव किंवा पाडा."

"मग घाल की."

"घालते. पण मावशी, हे दोन शब्द घालायला मला सगळं सभागृह हलवावं लागेल."

मला वाटलं, पोरगी मोठेपणा सांगतेय. नंतर कळलं, तिने कमीच सांगितलं होतं.

पहिलं विधेयक फाल्गुनातल्या अधिवेशनात आलं. आमदाराने स्वतः आणलेली विधेयकं शुक्रवारी दुपारी घेतात, आणि कोणाचं घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. तिची चिठ्ठी निघाली. मी म्हणाले, मला यायचंय. ती म्हणाली, ये, तू वर बसलेली असलीस तर मला गुळगुळीत बोलता येणार नाही. पहाटे तिच्याच गाडीतून हायवेने गेलो. डिकीत दोन टोपल्या चिकू होते.

"हे कोणाला?" मी विचारलं.

"आमदारांना. शुक्रवारी दुपारी सगळे आपापल्या गावी पळतात. माणसं कमी पडली की सभागृह थांबतं आणि विधेयक तसंच राहतं. म्हणून मी चिकू वाटते आणि म्हणते, खा, पण अर्धा तास बसा."

चिकूमुळे माझी नात गेली आणि चिकू वाटूनच कायदा करायचा होता. मी ते बोलले नाही. ती तरी दुसरं काय नेणार होती? आमच्याकडे तेच पिकतं.

विधानभवनाच्या दारात माझी मिश्रीची डबी काढून घेतली. वर गॅलरीत बसवताना एका पोरीने सांगितलं, बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, खाली वाकायचं नाही. मी म्हणाले, श्वास घेतला तर चालेल का? ती म्हणाली, हळू घ्या.

खाली बरीच बाकं रिकामी होती. आमची बाई दारात उभी राहून एकेकाला आत ढकलत होती. एक जाडसर आमदार हातात चिकू घेऊनच आत आला. मग अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं आणि ती बोलू लागली. चांगली बोलली. झोळीचं सांगितलं, फाटकाचं सांगितलं, माझ्या सुनेचं नाव न घेता सांगितलं. शेवटी म्हणाली, "अध्यक्ष महोदय, माझी मागणी दोनच शब्दांची आहे. किंवा पाडा."

तेव्हा तो चिकूवाला उठला. "ताई, विधेयक तुमचं आणि तुम्हीच म्हणता पाडा? आम्ही तर पाडायला तयारच आहोत!"

सगळे हसले. पलीकडच्या बाकावरून दोघे-तिघे ओरडले, "पाडा! पाडा!"

मला ते वेगळंच ऐकू आलं. मला वाटलं, हे आमचा पाडा कुठे आहे ते विचारतायत. इतकी माणसं एकदम पाडा, पाडा म्हणतायत, आणि पाड्याचं माणूस तिथे मीच एकटी. मी उठून उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "हा बघा, इथं हाय! पाडा इथं वर हाय!"

आधी कोणालाच कळेना आवाज कुठून आला. मग सगळ्यांनी माना वर केल्या. पांढरे कपडे घातलेल्या दोन माणसांनी येऊन माझे दंड धरले. अध्यक्ष म्हणाले, गॅलरीत शांतता राखावी. मला बाहेर नेत असताना खालून बाईचा आवाज आला.

"अध्यक्ष महोदय, त्या माझ्याबरोबर आल्या आहेत. फाटकापाशी ज्यांच्या हातात बाळ होतं, त्या ह्याच. सभागृह हसलं त्याचं मला वाईट वाटत नाही. कायद्यालाही पाडा या शब्दाचा तेवढाच अर्थ माहीत आहे."

पुढचं मला ऐकू आलं नाही, दार लागलं.

बाहेरच्या बाकावर मी बसले. माझे दंड धरणाऱ्यांपैकी एकाने पाणी आणून दिलं आणि हळूच विचारलं, "आजी, कुठला पाडा?" तो जव्हारचा निघाला. त्याच्या पाड्यालाही वाट नव्हती.

तासाभराने बाई आली. चेहरा शांत होता. मी म्हणाले, "झालं?"

"मागे घेतलं."

"काय मागं घेतलं?"

"विधेयक. मंत्री म्हणाले, पुढच्या अधिवेशनात सरकार स्वतः आणेल. तुम्ही तुमचं मागे घ्या. मी घेतलं."

मला इतका राग आला की मी तिथेच, सगळ्या साहेबलोकांसमोर बोलले, "अगं, बाईनं जन्माला घातलेलं कधी मागं घेतात का? एवढ्यासाठी मला आणलंस? आश्वासन घेऊन चाललीस घरी?"

"हळू, मावशी."

"हळू श्वास घेऊन घेऊन मी दमले."

ती माझ्या शेजारी बसली. "ऐक. माझ्या एकटीचं विधेयक इथे जगत नाही. सरकारचं जगतं. मी अडून बसले असते तर त्यांनी मत मागितलं असतं आणि खरंच पाडलं असतं. मग वर्ष-दोन वर्षं कोणी हात लावला नसता. मी माझं लेकरू त्यांच्या ओटीत घातलं, एवढंच."

"ओटीत घातलेलं सगळेच सांभाळत नाहीत."

"म्हणून तर मी रोज बघायला जाणार आहे."

परतीच्या वाटेवर मी तिच्याशी बोलले नाही. चारोटीला तिने वडापाव घेतला, तो मात्र खाल्ला.

ती खरंच रोज बघत होती. रोज म्हणजे फोनवर, आणि आठ-पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन. कागद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायचा आणि तिथे झोपायचा. ही जाऊन त्याला उठवायची. कोणत्या टेबलावर आहे, कोणत्या साहेबाची सही राहिली, तो साहेब रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण, हे सगळं तिच्या वहीत असायचं. मी म्हणायचे, आमदार झालीस की पोस्टमन? ती म्हणायची, पोस्टमनला निदान सायकल देतात.

चैत्रात कळलं की सून पुन्हा गरोदर आहे. तिने मला सांगितलं आणि लगेच विचारलं, "आये, फाटक?"

फाटक पुन्हा बसवलं होतं. नवं कुलूप, मोठं. रखवालदाराने माझ्या मुलाला सांगितलं होतं, "मी चावी बाजाराला नेणार नाही, आईशप्पथ." पण रखवालदार बदलतात. शपथ काही कुलुपाबरोबर पुढच्याला देता येत नाही.

मी सुनेला सांगितलं, "दिवाळीनंतर दिवस भरतील तुझे. तोवर बघू." तिने मान हलवली. त्या दिवसापासून ती सडकेकडे तोंड करून बसायची नाही. भात निवडायला बसली तरी पाठ करून बसायची.

आषाढातल्या अधिवेशनात सरकारचं विधेयक येणार होतं. आदल्या दिवशी मी पुन्हा मुंबईला गेले. या वेळी मला हट्ट धरावा लागला. बाई म्हणाली, "ये, पण तोंडात पदर कोंबून बसायचं." आमदार निवासातल्या तिच्या खोलीत दुपारी वरोरचे लोक आले होते, ती त्यांच्याशी बोलत होती. टेबलावर उद्याच्या विधेयकांचा गठ्ठा होता. तिने त्यातला एक कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. "हे घे, तुझे दोन शब्द. छापून आलेत."

मी चौथीपर्यंत शिकलेली. मला वाचता येतं, पण बोट ठेवून. एकेक अक्षर सुटं करते आणि मग जोडते. म्हणून मला वेळ लागतो. पहिल्या ओळीला निम्मी दुपार गेली. त्या कागदात एकही वाक्य असं नव्हतं की जे एका दमात संपेल. तरी मी बोट पुढे नेत राहिले, कारण मला ते दोन शब्द बघायचे होते. छापलेले. खालच्या अंगाला सापडले.

गा-व. किं-वा. वा-डा.

मी बोट मागे नेलं. पुन्हा वाचलं. वा-डा.

"बाय," मी म्हणाले, "इथं वाडा लिवलंय."

"मावशी, चष्मा पूस."

"चष्मा पुसला. वाडाच हाय."

ती हसत हसत आली. "मी दहा वेळा वाचलंय ते." मी बोट अक्षराखालून हलवलं नाही. ती वाकली. तिने वाचलं, मग कागद उचलून खिडकीपाशी नेला.

"अरे देवा," ती म्हणाली.

वरोरच्या लोकांतला एक म्हातारा म्हणाला, "वाडा तर पलीकडचा तालुका. म्हणजे वाट वाड्याला मिळणार आणि डहाणू बसणार बोंबलत?"

तिने दहा वेळा वाचलं ते खरं होतं. पण तिला तिथे काय असणार हे ठाऊक होतं, म्हणून डोळ्याला तेच दिसत गेलं. मला काहीच ठाऊक नव्हतं. मी नुसती अक्षरं लावत होते.

तिने कुठल्याशा साहेबाला फोन लावला. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. तो सांगत होता की टाइप करणाऱ्याला पाडा ही चूक वाटली. कायद्यात पाडा कसं असेल, पाडा म्हणजे मोडा, असं वाटून त्याने सुधारून वाडा केलं. तपासणाऱ्यालाही ते बरं वाटलं. भल्या मनाने केलं होतं बिचाऱ्याने. बाई म्हणाली, "मग आता?"

"मॅडम, आता छापलं गेलंय. सभागृहात दुरुस्ती मांडावी लागेल. लेखी सूचना आज संध्याकाळच्या आत द्या. आणि उद्या मंत्रिमहोदयांनी ती मान्य आहे असं बोललं पाहिजे. ते विसरले तर वाडाच मंजूर होईल."

ती चप्पल घालूनच बोलत होती. तशीच गेली. वरोरच्या लोकांना म्हणाली, "बसा, मावशी चहा करेल." मी केला. दिवेलागणीला ती आली, सूचना दिली होती, मंत्र्यांना गाठून सांगितलंही होतं. ते म्हणाले होते, हो, हो, लक्षात आहे.

"दोनदा हो म्हणाले?" मी विचारलं.

"दोनदा."

"मग विसरणार."

दुसऱ्या दिवशी मी वर बसले, पदर तोंडात धरून. खाली बाजार भरला होता. बाई विरोधी बाजूची, आणि तिच्या बाजूच्या लोकांचं सरकारशी दुसऱ्याच कशावरून तरी बिनसलं होतं. ते अध्यक्षांच्या समोर मोकळ्या जागेत उतरून ओरडत होते, कागद उडवत होते. त्या गोंधळातच विधेयकं एकामागून एक पुढे सरकत होती. मला वाटलं होतं कायदा करताना सगळे गंभीर बसत असतील. आमच्या पाड्यात बारसंसुद्धा यापेक्षा शांतपणे होतं.

मग तिच्या बाजूचा पुढारी हात उंचावून काहीतरी बोलला आणि ते सगळे दाराकडे निघाले. सभात्याग. आमची बाई जागेवरच बसलेली. एकाने मागे वळून तिला हाक मारली, "ताई, चला!" तिने मान हलवली नाही. दुसरा मोठ्याने म्हणाला, "काय ताई, सरकारात मुक्काम हलवला का?" तिचे कान लाल झालेले मला वरून दिसले. पण ती उठली नाही. त्या बाजूच्या सगळ्या बाकांवर ती एकटी राहिली.

विधेयक आलं. अध्यक्ष भराभर वाचत होते. मंत्री उठले, हातातल्या कागदावरचं वाचलं आणि बसले. दुरुस्तीचं बोललेच नाहीत.

दोनदा हो म्हणाले होते ते.

मी पदर दातांनी धरला. ओरडले असते तर पुन्हा बाहेर काढलं असतं, आणि त्याचा उपयोगही झाला नसता. खाली ती उभी राहिली. "अध्यक्ष महोदय, दुरुस्ती. माझी लेखी सूचना आहे. वाडा नाही, पाडा."

या वेळी कोणी हसलं नाही. तो चिकूवाला आमदार सरकारच्या बाजूचा, मंत्र्यांच्या मागच्याच बाकावर होता. तो वाकून मंत्र्यांच्या कानात काहीतरी बोलला. मंत्र्यांनी कपाळाला हात लावला, उठले आणि म्हणाले, "दुरुस्ती मान्य आहे."

अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. होय, असा आवाज आला. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. नाही म्हणायला त्या बाजूला ती एकटीच होती, आणि ती होय म्हणून बसली होती. होयचे बहुमत आहे, ते म्हणाले. भाकरी तव्यावर फुगायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

खाली आल्यावर मी तिला विचारलं, "तुझे लोक तुला काय करतील?"

"चार दिवस बोलणार नाहीत. मग काम पडलं की बोलतील."

"जेवलीस?"

"नाही."

मी पिशवीतून भाकरी आणि सुकटाची चटणी काढली. तिथेच मोठ्या जिन्याखाली उभ्याउभ्या तिने खाल्ली. खाताना एकदा म्हणाली, "फाल्गुनात मागे घेतलं म्हणून तू मला वडापाव खाईपर्यंत शिव्या दिल्यास."

"मनात दिल्या."

"ऐकू आल्या."

मी माफी मागितली नाही. तिला ती नकोच होती.

वरच्या सभागृहातही ते मंजूर झालं आणि राज्यपालांची सही झाली. मग तिने तलाठ्याच्या मागे लागून पंचनामा करवला. आमची वाट कागदावर चढली. फाटक राहिलं, कारण गुरं आत शिरतात हे शेठचं म्हणणं खोटं नव्हतं. कुलूप गेलं. त्या जागी आता तारेचा आकडा आहे, पोरालाही निघेल असा. बाईने पाठवलेलं राजपत्राचं पान मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाटकाला बांधलं. रखवालदार म्हणाला, "आजी, कागद बघून गुरं थांबणार काय?"

"गुरांसाठी नाही, तुझ्या शेठसाठी बांधलाय."

वाट अजून मातीचीच आहे. ओहळावर मोरी नाही. बाईच्या वहीत ते आहे, मी स्वतः लिहिलेलं बघितलंय. आजूबाजूच्या पाड्यांतले लोक आता तिच्या ओटीवर तोच कागद मागायला येतात. मुंबईत मला पाणी देणारा तो जव्हारचा माणूसही सुट्टीत येऊन एक घेऊन गेला.

दिवाळी झाल्यावर पंधरा दिवसांनी, सकाळी भाताची मळणी चालली असताना सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. मुलाने फोन केला. मी झोळी काढून ठेवली होती, सवयीने. अर्ध्या तासात गाडीचा आवाज आला. आवाज सडकेवर थांबला नाही. चिकूवाडीतून, धूळ उडवत, गाडी सरळ आमच्या खळ्यापाशी आली. ड्रायव्हर तोच होता. तळहातावरची खूण दाखवून म्हणाला, "आजी, आज उडी मारायला नाय लागली."

सून स्वतः चालत गाडीत चढली. फाटकातून जाताना तिने मान वळवून बघितलं की नाही, ते मला ठाऊक नाही. मी पुढे बसले होते.

डहाणूच्या दवाखान्यात दुपारी मुलगी झाली. तिच्याही गळ्यात नाळ होती, एकच वेढा. डॉक्टरने तो सोडवला आणि ती रडली.

सून वाचली. ही मुलगी वाचली.